ओव्हाळांच्या जीपमधला आवाज

आमच्या गल्लीत कोणाची गाडी शिरली, की आतले लोक उतरायच्या आत ओव्हाळ तिच्यात शिरतात.

मुलांनो, तुमचे बाबा मागच्या दिवाळीत विमानतळावरून भाड्याच्या गाडीने आले तेव्हाच बघा. बॅगा अजून डिकीत होत्या. मी भाकरीचा तुकडा ओवाळायला दारात उभी. आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या उघड्या दारातून दोन चपला आणि पांढरा पायजमा एवढंच बाहेर दिसत होतं. बाकीचे ओव्हाळ स्टिअरिंगखाली होते. थोड्या वेळाने हातात फोनएवढं एक यंत्र घेऊन ते बाहेर आले आणि म्हणाले, "वेलकम, वेलकम! इंजिनला ताप नाही. एक जुना दोष दाखवतोय, पण घाबरण्यासारखं काही नाही."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "साहेब, हे आरटीओचे का?"

"नाही, शेजारचे," तुमचे बाबा म्हणाले.

मनोहर ओव्हाळ म्हणजे आपल्या कुंपणापलीकडचे. सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होते. नोकरी सुटली, पण भाषा सुटली नाही. गॅसवाला सिलिंडर उचलायला वाकला की हे ओट्यावरून सांगतात, "श्वास घ्या. धरा. सोडा." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी खुर्चीतून उठताना मलाही सांगायचे. पहिल्यांदा मला राग आला. मग लक्षात आलं, की तसं केल्याने उठणं खरंच सोपं जातं.

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे, "रिपोर्ट येऊ द्या." टेक्निशियनने फोटो काढायचा, त्यात काय आहे ते डॉक्टर सांगणार, ही दवाखान्याची शिस्त. ती त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे, की ते कशावरच मत देत नाहीत. आज पाऊस पडेल का? रिपोर्ट येऊ द्या. आमटीत मीठ बरोबर आहे का? तीही आधी दोनदा चाखतात आणि म्हणतात, "बाई, रिपोर्ट येऊ द्या." मला ते बाई म्हणतात. मी कधी शिकवलं नाही, पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या बाईमाणसाला दुसरं काय म्हणायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

आता जीपकडे येते. त्यांच्या दारात एक जुनी डिझेल जीप आहे, चारही चाकं ओढणारी. तिला दोन दांडे आहेत. मोठा गिअरचा आणि छोटा चारही चाकांना ताकद देण्याचा. आमच्या सिमेंटच्या सपाट गल्लीतून बाहेर पडताना ओव्हाळ तो छोटा दांडा आवर्जून टाकतात. का, तर "तिला सराव राहावा म्हणून."

या जीपमध्ये एक आवाज आहे, असं ओव्हाळ म्हणायचे. टक. सारखा नाही, चढाला आणि वळणावर, मध्येच एकदा. तो कुठून येतो हे शोधणं हा ओव्हाळांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. पण शोधायचं म्हणजे गाडी उघडायची, हे त्यांना मान्य नव्हतं. "बाई, पोट फाडून निदान करायचे दिवस गेले. आधी तपासणी. आणि तपासणीला साधन योग्य पाहिजे."

साधन निवडण्याचा कार्यक्रम त्यांच्या ओट्यावर चालायचा. दवाखान्यासारखी हिरवी चादर अंथरलेली, त्यावर यंत्रं ओळीने मांडलेली. दुसरं मत घ्यावं म्हणून मला बोलावणं यायचं. मी चहा घेऊन जायची आणि यंत्रांबरोबर आलेली माहितीपत्रकं मोठ्याने वाचायची. मल्टीमीटर म्हणजे त्यांचा ईसीजी. कॉम्प्रेशन गेज म्हणजे बीपी. लांब दांडीचा स्टेथोस्कोप तर स्टेथोस्कोपच. तारेच्या टोकाला मटाराएवढा कॅमेरा असलेलं एक यंत्र होतं. इंजिनात घालण्याआधी त्यांनी ते सरावासाठी माझ्या सिंकच्या पाइपात घातलं. त्यात माझा हरवलेला चमचा दिसला. त्या यंत्राबद्दल मी वाईट बोलणार नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारा तो स्कॅनर त्यांनी मोठ्या हौसेने आणला होता. आणल्यावर कळलं, की या जीपला कॉम्प्युटरच नाही. हनीफ मेस्त्री त्यांचा जुना माणूस, बाजारात गॅरेज आहे. तो पोट धरून हसला.

"भाऊ, हिला डोकंच न्हाई. डोक्याचा फोटो कशाचा काढताय?"

"बरं. मग हिला काय चालेल?"

"हात. हात लावून बघायचं. व्हय का न्हाई मावशी?" हे मला.

"हाताला आकडा कुठे येतो?" ओव्हाळ म्हणाले आणि स्कॅनर दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवला. तुमच्या बाबांच्या भाड्याच्या गाडीला लावला तो हाच.

बीपीचं यंत्रही पहिल्या खेपेला चुकलं. त्यांनी पेट्रोल गाडीचं गेज आणलं. डिझेल इंजिनाचा दाब कितीतरी जास्त. हनीफला किल्ली फिरवायला बसवलं आणि बाहेरून आज्ञा सोडली, "श्वास घ्या!" काटा एका झटक्यात शेवटच्या आकड्यापलीकडे गेला आणि वाकडा होऊन तिथेच राहिला. ओव्हाळांनी चष्मा काढून पुसला. "पेशंट दणकट आहे," ते म्हणाले.

पण आवाज सापडेना. सापडणं लांबच, तो कोणाला ऐकूच येईना. हनीफने जीप दुधिवऱ्याच्या खिंडीपर्यंत कितीदा तरी चालवून आणली. तो चालवायचा आणि ओव्हाळ मागच्या बाकावर डोळे मिटून बसायचे.

"न्हाई भाऊ. लय वेळा बघितलं. इंजिन गातंय नुसतं."

"तू इंजिन ऐकतोस. मी आवाज म्हणतोय."

"म्या बहिरा झालो का मग?"

"रिपोर्ट येऊ द्या."

एक सांगायचं राहिलं. हनीफ चालवत असला तरी ओव्हाळ मागेच बसायचे, कारण त्या जीपमध्ये पुढे डावीकडे कोणी बसत नाही. ती जागा त्यांच्या बायकोची, शकुंतलाबाईंची. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. त्या सीटवर धुतलेला टॉवेल अंथरलेला असतो. कोणी पाहुणा चुकून पुढे चढायला लागला तर ओव्हाळ हात जोडून म्हणतात, "मागे मोकळं बसा, हवा चांगली लागते." आम्हाला सवय झाली होती. कोणी विचारत नसे.

त्यांची मुलगी प्रज्ञा पुण्याला असते. दिवाळीनंतर ती एकदा माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरातच बसली.

"काकू, खरं सांगा. तुम्हाला तरी तो आवाज कधी ऐकू आलाय?"

"मी त्या गाडीत कधी बसलेच नाही गं. मागे चढायला मला क्रेन लागेल."

"हनीफचाचांना येत नाही. मला येत नाही. बाबांना नसलेले आवाज यायला लागलेत, काकू. अशा माणसाला मी इथे एकटं कसं ठेवू?"

तिने ठरवलं होतं. पवनेकडच्या एका रिसॉर्टवाल्याला जीप हवी होती. ती त्याला द्यायची आणि बाबांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचं. ओव्हाळ फ्लॅटच्या आठव्या मजल्यावर हिरवी चादर अंथरून काय तपासणार, असा विचार माझ्या मनात आला. पण मुलीचंही चुकत नव्हतं.

ओव्हाळांनी एकच मागणी केली. शेवटची एक फेरी. प्रज्ञाने स्वतः बसावं, साक्षीला बाईंनी यावं. आवाज आला तर जीप राहील आणि तेही राहतील. नाही आला तर ते पिशवी भरतील.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. तिकोणा पेठेला प्रज्ञाचा मामा राहतो, त्याच्याकडे जेवायला. जीपवर ओव्हाळांचं सगळ्यात नवं साधन चढलेलं होतं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसारखे माइक आणि हेडफोन. एक चिमटा इंजिनाला, एक पुढच्या आसाला, एक मागच्या चाकांवरच्या पाट्यांना. आयसीयूतल्या पेशंटसारखी वायरींनी वेढलेली जीप दारात उभी. हेडफोन प्रज्ञाच्या कानाला. ती मागे चढली. मग माझी पाळी आली आणि गोष्ट अडली. मागची पायरी माझ्या गुडघ्यापेक्षा उंच. ओव्हाळांनी स्टूल आणलं. ते डुगडुगलं. मी म्हटलं, "ओव्हाळ, मी राहते घरीच."

"साक्षीदार पाहिजे," ते म्हणाले. पण हलले नाहीत. एकदा स्टूलकडे बघितलं, एकदा माझ्या गुडघ्याकडे. मग पुढचं डावं दार उघडलं, टॉवेल उचलला, नीट घडी घालून खांद्यावर टाकला. "बसा बाई. श्वास घ्या. धरा. सोडा." मी बसले.

गाव मागे पडलं. शेतांत भात कापून झालं होतं, पेंढ्या रचलेल्या. खिंडीचा चढ लागला. पहिल्याच वळणावर रस्ता खचलेला होता. तिथे जीप हिंदकळली आणि स्वच्छ ऐकू आलं.

टक.

मुलांनो, तो आवाज माझ्या खालून आला. मी सावरून बसले. पुढचा खड्डा. टक. माझ्यासारखीला हे फार लाजिरवाणं होतं. मी खिडकीबाहेर बघू लागले, जणू माझा काही संबंध नाही. टक.

"बाबा!" मागून प्रज्ञा ओरडली. तिने हेडफोन काढून गळ्यात टाकला होता. "यात काही नाही, पण असाच ऐकू येतोय! काकूंच्या इथून!"

ओव्हाळांनी जीप कडेला घेतली. मला उतरवलं, रिकाम्या सीटनिशी त्याच खड्ड्यावरून गाडी पुढे-मागे केली. शांत. मला परत बसवलं. टक. मी उतरले, शांत. मी बसले, टक. यंत्रं कितीही बदलली तरी त्या सीटवर माणूस नव्हतं, म्हणून आवाज नव्हता. एवढी साधी गोष्ट.

प्रज्ञाने तिथूनच त्या रिसॉर्टवाल्याला फोन लावला. "नाही हो, गाडी द्यायची नाही. आवाज? आहे ना, आवाज आहे!" आणि हसत खाली उतरली. मला वाटलं, आता ओव्हाळही हसतील. ते बॉनेटला टेकून उभे होते.

"खरं तर मलाही तो पुन्हा कधी आला नव्हता," ते म्हणाले. "ऐकला तो एकदाच. इथेच. शकू बसली होती."

प्रज्ञा हसायची थांबली.

"तिचा छातीचा फोटो मीच काढला. दुसऱ्या कोणाला कशाला सांगायचं, आपलंच मशीन. श्वास घे म्हटलं, धर म्हटलं. पडद्यावर फोटो आला आणि मी सोड म्हणायचं विसरलो. आतून तीच म्हणाली, अहो, सोडू का आता? मग म्हणाली, आईकडे पेठेला जाऊन येऊ. इथे आल्यावर विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे. मग हा आवाज आला. म्हणाली, बरं, ते राहू द्या. हा आवाज कसला येतोय, ते तरी सांगा."

"मग?" मी विचारलं.

"तेही नाही सांगता आलं."

खिंडीत वारा होता. प्रज्ञा त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल उगीचच सारखा करत राहिली. ओव्हाळांनी जीपमधली साधनांची पेटी उघडली. स्टेथोस्कोप उचलला, ठेवला. कॅमेरा उचलला, ठेवला. मग पेटी बंद केली, पायजमा वर घेतला आणि डाव्या दाराशी रस्त्यावरच गुडघे टेकले. सीटखाली हात घातला, खांद्यापर्यंत. गाल सीटवर टेकला होता, डोळे मिटलेले. हात आत चाचपत होता. मग थांबला.

मी पुढे झाले. विचारणार होते, काय सापडलं म्हणून. पण ते माझ्याशी बोलतच नव्हते.

"काही नाही गं," ओव्हाळ सीटला म्हणाले. "नुसती स्प्रिंग आहे."