गाडीत काडी ओढायची नाही

"बाबा, स्टेशनवर गाडी आणू नका. आम्ही टॅक्सी करू," लेकीनं फोनवर सांगितलं आणि हेडक्लार्कसाहेबांच्या काळजात चर्र झालं. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी त्यांची पदवी टिकून होती, तशी लेकीच्या वयाची गाडीही. नातीला धुळीनं खोकला व्हायचा. खिडक्या लावाव्यात, तर एसी तीन उन्हाळे बंद. शिवाय गाडीत बसलं की साहेबांना सिगारेट लागायची, पण ते लेकीनं बोलून दाखवलं नाही. नातीला मात्र आपल्याच गाडीतून घरी आणायचं, हे साहेबांनी केव्हाच ठरवलं होतं. बायकोला घेऊन त्यांनी तडक गॅरेज गाठलं.

"ह्या एसीतला जुना गॅस आता बनतच नाही, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "नवा चालेल. पण त्याला आतलं तेल बदला, रबरी रिंगा बदला, ओल शोषणारा ड्रायर बदला. दोन दिवस लागतील."

"नुसता भरला की झालं, असा नाही का एखादा?"

"मिक्स गॅस आहे. तासाभरात काम, गारही मस्त. पण पेट घेणारा आहे. माझं ऐकाल तर नको."

"मग तोच भर!" चांगला सल्ला धुडकावायची सवय साहेबांनी नोकरीत पस्तीस वर्षं जोपासली होती.

"बरं. पण गाडीत काडी ओढायची नाही."

साहेबांच्या बाई नुसत्या ऐकत होत्या. एरवी असं सहसा घडत नसे.

तासाभराच्या कामाला दोन दिवस लागले. "गर्दी होती," मेकॅनिक म्हणाला. गाडी थंडगार झाली आणि साहेबांना घाम फुटला. त्यांना टायरचा, सीटचा, स्वतःच्या डोक्याच्या तेलाचासुद्धा वास गॅससारखा येऊ लागला. एसी जोरात लावून ते चारही खिडक्या उघड्या ठेवत.

"रस्ता गार करताय का?" बाईंनी विचारलं.

"गळला तर बाहेर जायला नको? आणि तू भडकू नकोस. निदान गाडीत तरी."

शेजारी पेटती सिगारेट घेऊन खिडकीशी आला, तर साहेबांनी गाडी पळवलीच. त्याला बाजारात सोडायचं होतं, हे पुढच्या चौकात आठवलं. सिगारेटचं पाकीट घरीच राहू लागलं.

शनिवारी खिडक्या लावून, बैलगाडीच्या वेगानं, त्यांनी लेक आणि नात घरी आणली. नात एकदाही खोकली नाही. आजीच्या मांडीवर झोपून गेली.

"बाबा, गाडीला वास नाही! सोडलीत की काय?"

"केव्हाच!" साहेबांनी ठोकून दिलं. लेकीचा चेहरा असा काही उजळला, की त्यांना आपल्या थापेची लाज वाटली. त्या दिवसापासून घरचं पाकीटही त्यांनी उघडलं नाही.

पंधरा दिवसांनी पाणी घालायला त्यांनी बॉनेट उघडलं. आत स्टिकर होता. तारीख, तेल आणि गॅसचं नाव. नव्या गॅसचं! साहेब तणतणत गॅरेजात पोचले.

"बाईंनीच मागून येऊन सांगितलं होतं," मेकॅनिक ओशाळून म्हणाला. "गॅस नवाच भर, पण ह्यांना पेट घेणाराच सांग म्हणाल्या. ह्याला काडीची भीती नाही, साहेब. ओढा खुशाल."

त्यानं सिगारेट पुढे केली, काडीही ओढली. साहेबांनी सिगारेट ओठांत धरली. पंधरा दिवसांची तलफ होती. मग त्यांनी फुंकर मारून काडी विझवली आणि सिगारेट त्याच्या खिशात परत ठेवली.

"मला कळलंय, हे बाईंना सांगू नकोस."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"साहेब अजून घाबरतात म्हणावं."