पालकांना दाखवलेलं घर-घर

"शनिवारी पालक येतील. खेळातून शिक्षण होतं म्हणता ना, ते त्यांना दाखवा. पटलं तर तुमचा कोपरा राहील. नाही पटलं, तर सोमवारी बाकं येतील," बालवाडीच्या मोठ्या बाईंनी सांगून टाकलं.

ताईंनी मान डोलावली. चार वर्षांच्या मुलांची ती खोली इतकी अंधारी, की भर दुपारी दिवा लावावा लागे. तिथे उजेड म्हणावा असा तो एकच कोपरा. जुन्या उशांचा सोफा, खोक्याची शेगडी, लाकडी ठोकळ्याचा फोन. मुलं तिथे घर-घर खेळत आणि ताई, देवापुढे बसावं तशा, गप्प बसून पाहत. कोपरा गेला तर आपण इथे कशासाठी यायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शनिवारी पडद्यामागे खुर्च्या मांडल्या. ताईंनी हळू आवाजात समजावलं, "या वयात बोटं पेन्सिलीला तयार नसतात, पण डोळे आणि कान तयार असतात. मूल घरी पाहतं तेच खेळतं. त्यातून भाषा येते, दुसऱ्याचं मन कळतं. फक्त कृपा करून खेळ मध्येच तोडू नका."

पालक कौतुकाने हसले. त्यांचं त्या दिवसाचं हसू तिथेच संपलं म्हणायचं.

पलीकडे मुंगी नावाने ओळखली जाणारी इवलीशी मुलगी आई झाली होती आणि सदा बडबडणारा पोपट बाबा. बाबा सोफ्यावर आडवे, ठोकळा कानाला.

"हो साहेब, निघालोच. रस्त्यातच आहे. काय ही गर्दी!" पोपट ठोकळ्यात म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

पोपटचे बाबा खुर्चीतच आक्रसले, कारण त्यांचे साहेब मागच्याच रांगेत होते. साहेबांचाही मुलगा याच वर्गात.

"गर्दी का?" साहेब मागून पुटपुटले. "सोमवारी बोलू."

तिकडे मुंगीने कमरेवर हात ठेवले. "साहेबाला फसवता तसं मला नाही फसवायचं हं! आणि तुमची आई उद्या येणारे ना? माझं आत्ताच डोकं दुखायला लागलं."

मुंगीची आजी पहिल्या रांगेत, हट्टाने आलेली. "सूनबाई, डोकं दुखतं तर सांगायचंस. मी गोळी घेऊन आले असते."

"अहो आई, पोरीची कल्पनाशक्ती आहे ती!" मुंगीची आई घाईने म्हणाली.

"ताई तर म्हणाल्या, घरी पाहतात तेच खेळतात."

ताईंनी डोळे मिटले. देव लेकरांना डोळे देतो आणि त्यावर झाकण द्यायचं विसरतो, त्याला ताई काय करणार? मुंगीचे वडील वकील. ते ताडकन उठले, "बंद करा हे!" पण तेवढ्यात साहेबांच्या मुलाने तोंडाने घंटा वाजवली.

"कोण?"

"मी शेजारची काकू. तुमचं भांडण नीट ऐकू येत नाहीये. जरा मोठ्याने करा ना. मी टीव्ही बंद करून बसलेय."

मुंगीच्या आईने वळून साहेबांच्या बायकोकडे पाहिलं. दोघींच्या घरांची भिंत एकच. साहेबांच्या बायकोने पर्स उघडली आणि बराच वेळ तिच्यात काहीतरी शोधत राहिली.

ज्यांच्या मुलांची पाळी यायची होती, त्यांना आता दरदरून घाम फुटला. सगळे पालक मोठ्या बाईंच्या खोलीत घुसले.

"मुलांना एवढं बघायला शिकवू नका," वकील म्हणाले.

"खाली मान घालून अक्षरं गिरवू द्या," साहेब म्हणाले. पोपटचे बाबा लगेच म्हणाले, "अगदी बरोबर, साहेब."

"पण खेळ खराच होता ना?" ताईंनी विचारलं. "तुम्हाला तो पटलाय, म्हणून तर..."

मोठ्या बाईंनी बाकं मागवायला फोन उचलला. ताईंनी एकटीनेच उशा आवरल्या आणि खोकं मोडून सपाट केलं.

सोमवारी बाकं आली. प्रत्येक बाकावर एक मुलगा, एक मुलगी, समोर वह्या. खोलीत चिडीचूप. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पाहिलंत? गेलं ना खेळाचं खूळ!"

ताई मुंगीच्या बाकाशी वाकल्या. "मुंगे, बरं वाटत नाही का गं?"

मुंगीने ओठांवर बोट ठेवलं. "ताई, तू नको ना बोलूस. आमचा अबोला चाललाय."

"कुणाचा?"

"आई-बाबांचा. शनिवारपासून."

शेजारी बाबा झालेला पोपट भिंतीकडे तोंड करून बसला होता. ताईंनी मान वर केली. शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक बाकावर दोन पाठी एकमेकींकडे वळलेल्या होत्या.

"काय म्हणतेय ती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या. "अभ्यास करतायत. घरून दिलेला."