कापलेली पिन

मुलाखत सुरू व्हायच्या आत घरातली वीज दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा ती नवऱ्यानंच घालवली. मूल झाल्यापासून घरी बसलेल्या बायकोला आज पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं होतं, तेही कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून. आणि या गृहस्थांनी नेमका आजच बिघडलेला टीव्ही जेवणाच्या टेबलावर उघडून त्याला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला होता.

"अहो, तासभर थांबला असतात तर टीव्ही पळून जाणार होता का?"

"अगं, या स्कोपच्या प्रोबची, वायरीची, काळी क्लिप टीव्हीला लावली की ब्रेकर पडतो. का, तेच बघतोय."

"ती क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते! चालू सर्किटला लावल्यावर दुसरं काय होणार? हात जोडते, आता बंद ठेवा."

वायफाय गेलंच होतं. तिनं आतल्या खोलीत मोबाइल उभा केला आणि त्यावर मुलाखत सुरू केली. समोर तिघं होते. मधल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "सहकारी सुरक्षेचा नियम मोडत असेल तर काय कराल?"

"आधी शांतपणे समजावेन..."

"जमलं गं!" बाहेरून आरोळी आली. "स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिनच कापून टाकली! आता ब्रेकर पडतच नाही!"

आता क्लिपवरची वीज स्कोपच्या पत्र्याच्या अंगात उतरली असणार. "कशाला हात लावू नका!" असं ओरडत ती धावली, पण नवऱ्यानं हात लावलाच. एक किंकाळी, आणि स्वारी खुर्चीसकट मागे. तिनं आधी मेन स्विच पाडला, मग त्याला चाचपून पाहिलं. तो धडधाकट होता. मग मात्र तिचा तोल सुटला.

"ब्रेकर पडतो म्हणून पिन कापता? कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधून चोराला दार उघडून द्याल! देव अक्कल वाटत होता तेव्हा हा पिन कापणारा माणूस कुठं झोपला होता?"

मोबाइल चालूच आहे हे तिला आत्ता आठवलं. गेली नोकरी! रडू आवरत ती परत आली, तर मधली खुर्ची रिकामी.

"साहेब रागावून गेले का?"

उरलेल्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "नाही मॅडम, लॅबकडं पळालेत. आमच्या सगळ्या स्कोपच्या पिना त्यांनीच कापल्यात."

दुसऱ्यानं दाराकडं पाहून आवाज खाली आणला. "उद्याच रुजू व्हाल का? आणि येताना हाच आवाज घेऊन या. आमचं ते ऐकत नाहीत."