ब्राउनीची बदली

संघप्रियाने ब्राउनीला घरात आणलं तेव्हा प्रभावतीबाई कणीक मळत होत्या. त्यांनी आधी कुत्रीकडे पाहिलं, मग मुलीकडे आणि शेवटी नवऱ्याकडे, जणू हे कारस्थान त्यांचंच होतं.

"आई, पाळायची नाहीये. फक्त सांभाळायची आहे," संघप्रिया म्हणाली. "मालकाने हायवेवर गाडीतून उतरवलं आणि निघून गेला. आमच्या ग्रुपने उचललं तिला. मोठ्या वयाचं कुत्रं कोणी घेत नाही गं, सगळ्यांना पिल्लू हवं असतं. चांगलं घर मिळालं की जाईल ती."

"म्हणजे ठेवून घ्यायची."

"नाही गं. सांभाळायची."

प्रभावतीबाईंना यातला फरक कळला नाही. सीताराम गमऱ्यांनाही कळला नव्हता. पण टपाल खात्यातली सगळी नोकरी त्यांनी न कळलेल्या परिपत्रकांवर मान डोलावून काढली होती. त्यांनी मान डोलावली.

ब्राउनी तपकिरी होती, पंजे पांढरे आणि आवाज दणदणीत. कुकरची शिट्टी झाली की भुंकायची, लिफ्टचं दार वाजलं की भुंकायची, आणि काहीच वाजलं नाही तरी संशय येऊन भुंकायची. बेव्हर्ली पार्कातल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुत्रं आलंय, हे तळमजल्याला पहिल्याच संध्याकाळी कळलं.

दोन आठवड्यांनी घर मिळालं. नवघरचे बाबुराव भोईर आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई यांनी फोटो बघूनच कुत्री पसंत केली. रविवारी येऊन घेऊन जाणार होते. पण त्याच आठवड्यात संघप्रियाला ऑफिसने हैदराबादला पाठवलं.

"बाबा, तुमच्यावर सोडून जातेय. नीट बघा हां तिच्याकडे."

"अगं, बघतो ना," सीताराम म्हणाले. खरं म्हणजे ते कुत्र्याकडे कधीच नीट बघत नसत. लहानपणी एकदा चावल्यापासून त्यांचं एक ठाम मत होतं, की कुत्र्याकडे बघितलं की कुत्रं आपल्याकडे बघतं. ते पट्टा हातात धरत आणि समोरच्या झाडांकडे बघत चालत.

मंगळवारी संध्याकाळी ते असेच ब्राउनीला घेऊन बागेपर्यंत गेले. तिथे शहाळंवाला बसतो. त्यांनी पट्टा बागेच्या रेलिंगला अडकवला, शहाळं घेतलं आणि ओळखीचे एक गृहस्थ भेटले म्हणून पाणी तुंबण्याच्या विषयावर बराच वेळ बोलले. मग मागे वळून पट्टा सोडला आणि घरी आले.

त्या रात्रीपासून ब्राउनीत कमालीचा फरक पडला. कुकरने तीन शिट्ट्या दिल्या, ती कान हलवून झोपून राहिली. लिफ्ट वाजली, ती जांभई देत राहिली. फक्त नावाने हाक मारली तर बघायची नाही.

"बघितलंस?" सीताराम बायकोला म्हणाले. "कुत्र्याला शिस्त लागते. लावणारा पाहिजे."

प्रभावतीबाईंनी त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप आला. 'शेरू गुम हो गया है. ब्राउन कलर, सफेद पंजे. बहुत शांत है. किसी को मिले तो रसीलाबेन, शांती नगर, को फोन करें.' खाली नंबर आणि फोटो.

सीतारामांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला. "अगं, अगदी आपल्या ब्राउनीसारखा आहे. लोक किती निष्काळजी असतात बघ. मुक्या जनावराला असं हरवायचं म्हणजे काय!" ते खरोखर हळहळले. तो निरोप त्यांनी आणखी चार ग्रुपवर हात जोडून पुढे पाठवला. हे सगळं करताना त्यांचे पाय कुत्र्याच्या पाठीवर टेकलेले होते.

संघप्रिया रोज व्हिडिओ कॉल करायची. "बाबा, ब्राउनी दाखवा ना." सीताराम फोन फिरवायचे. तिला पंखा दिसायचा, मग वडिलांचा कान, मग कोपऱ्यात झोपलेला एक तपकिरी गोळा. "शांत झालीय बरीच," ती म्हणायची. "झालीच," सीताराम म्हणायचे.

रविवारी सकाळी भोईर दांपत्य आलं. संघप्रियाचं विमान संध्याकाळचं होतं, त्यामुळे पाहुण्यांना सामोरं जायचं काम सीतारामांवर आलं. त्यांनी चहा मागवला आणि कुत्र्याला बाहेर आणलं. कुत्रं सरळ चालत रुक्मिणीबाईंपाशी गेलं आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवून डोळे मिटून बसलं.

"गुणाची हाय गं माय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांचा हात आपोआप कुत्र्याच्या डोक्यावर गेला.

बाबुराव मात्र वाकून, मान तिरकी करून, बराच वेळ भलतीकडेच बघत होते. मग ते सरळ बसले.

"गमरे साहेब, तुमच्या पोरीनं कुतरी हाय म्हनून सांगितलं व्हतं."

"हो. कुत्रीच आहे."

"यो कुतरा हाय."

सीताराम हसले. "नाही हो. कुत्रीच. तिचं ते ऑपरेशन पण झालंय. पिल्लं होऊ नयेत म्हणून."

"आपरेशन झालं म्हनून कुतरीचा कुतरा व्हतो?"

आयुष्यात पहिल्यांदाच सीतारामांनी कुत्र्याकडे नीट पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन्ही वेळेस तेच दिसलं.

"प्रभा!" त्यांचा आवाज चिरकला. "अगं, ही... हा... बाहेर ये जरा!"

प्रभावतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "काय झालं?"

"हा कुत्रा आहे!"

"मग? मंगळवारपासून कुत्राच आहे."

कुत्र्याने शेपटी आपटली.

"तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? पायरीवर आला तेव्हाच दिसलं की मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हीच बदलून आणलात," प्रभावतीबाई शांतपणे म्हणाल्या. "वांगी किडकी निघाली तर बदलून आणता, चपला टाचेला लागल्या तर बदलून आणता. ती भुंकून डोकं उठवत होती. म्हटलं, यावेळी काम चांगलं केलंय, उगाच कशाला बोला."

रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. बाबुराव ट्रेमधला चहा उचलायचा की नाही, या विचारात पडले. सीताराम खुर्चीत बसले आणि कपाळावर हात मारताना त्यांना तो निरोप आठवला. त्यांनी चार ग्रुपवर पाठवलेला. त्यांनी लगेच नंबर लावला.

"हॅलो, रसीलाबेन? वो आपका शेरू... हमारे इधर है."

"अरे भगवान! कब मिला?"

"मिला मतलब..." सीताराम घुटमळले. "मंगळवार से है. वो बाग के पास, रेलिंग से... मेरे हाथ से गलती से आ गया. और हमारी ब्राउनी?"

"शेरू के बाजू में बंधी थी, वो भौंकनेवाली आपकी है? मैं समझी कोई छोड़ गया उसे." पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "आप जल्दी आओ अंकल."

बाबुरावांनी गाडी काढली. पुढे ते, मागे रुक्मिणीबाई आणि त्यांच्या मांडीवर शेरू. सीताराम खिडकीशी अंग चोरून बसले होते. रस्ताभर त्यांच्या मनात एकच घोळत होतं. ज्या कुत्रीला एकदा माणसाने रस्त्यावर सोडलं, तिला आपण रेलिंगला बांधून दुसरंच कुत्रं घेऊन निघून आलो. तिने मागून हाकसुद्धा मारली असेल. आपण पाणी तुंबण्याचा विचार करत चालत होतो.

रसीलाबेनच्या दारात पोचायच्या आधीच भुंकणं सुरू झालं. दार उघडलं आणि ब्राउनी अशी धावली, की सीताराम भिंतीला टेकले. ती त्यांच्याभोवती गोल गोल फिरत भुंकत होती, तोंड वर करून, दमेपर्यंत. प्रत्येक भुंकणं त्यांना स्पष्ट कळत होतं. ते खाली बसले. कुत्र्याच्या इतक्या जवळ ते कधीच बसले नव्हते.

"चुकलं गं," ते हळूच म्हणाले. "चुकलं माझं."

रसीलाबेन डोळे पुसत शेरूला कुरवाळत होत्या. शेरूही त्यांचा नव्हता. शेजारी घर विकून परदेशी गेले, त्याला मागे ठेवून गेले, आणि रसीलाबेन त्याच्यासाठी घर शोधत होत्या. हे ऐकताच रुक्मिणीबाई नवऱ्याकडे वळल्या.

"मना योच पायजे."

"अगो, पन आपून कुतरी बघाया आलतो."

"भाकरी कोन घालनार? मीच ना? मंग तुमाला काय करायचंय, कुतरा हाय का कुतरी?"

बाबुरावांनी थोडा विचार केला आणि गाडीची चावी खिशातून काढली. संध्याकाळपर्यंत शेरू नवघरला पोचला. भोईरांच्या ओट्यावर पाय पसरून झोपलेला त्याचा फोटोही आला.

ब्राउनी गमऱ्यांकडे परत आली. कुकरवर भुंकली, लिफ्टवर भुंकली. प्रभावतीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि तिच्या ताटलीत सुकट घातलेला भात वाढला. याच सुकटीसाठी ती पूर्वी ओट्याला पाय लावून उभी राहायची. तिने ताटली हुंगली, नाक फेंदारलं आणि पाठ फिरवून बसली.

"काय झालं हिला?"

सीतारामांनी रसीलाबेनला फोन लावला. बोलणं संपल्यावर ते जरा चाचरत म्हणाले, "तिकडे ती खाखरा आणि दहीभात खात होती म्हणे. आणि 'बस' म्हटलं तर ऐकत नाही. 'बेस' म्हणायचं."

"चार दिवसांत?" प्रभावतीबाईंचा आवाज चढला. "आमच्या घरात दोन आठवडे राहिली तेव्हा काही शिकली नाही, आणि तिकडे चार दिवसांत गुजराती झाली?"

रात्री संघप्रिया आली. सीतारामांनी तिला सगळं सांगितलं, अगदी 'आपरेशन'सुद्धा. ती आधी घाबरली, मग रागावली, मग ब्राउनीच्या मानेत तोंड खुपसून हसत बसली.

"जाऊ दे बाबा. आई, तू काळजी करू नकोस. वसईचं एक कुटुंब तयार आहे. येत्या रविवारी घेऊन जातील तिला."

प्रभावतीबाई ताटलीतला उरलेला भात काढून टाकत होत्या. त्या थांबल्या.

"या रविवारी जमायचं नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"का म्हणजे? आपल्या घरातून मुलगी जाणार आणि तिकडे जाऊन सांगणार, गमऱ्यांकडची सुकट खात नाही म्हणून? आधी तिचं जेवण रुळावर येऊ दे. मग बघू."

"आई, तिला किती दिवस लागतील?"

"ते मी काय सांगू? तिच्यावर आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या. त्यांनी फ्रिजमधून दही काढलं, थोडा गरम भात कालवला आणि ताटली खाली ठेवली. नवरा आणि मुलगी दोघंही बघतायत हे लक्षात आल्यावर त्यांनी पाठ वळवली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"बेस."

ब्राउनी बसली.