अर्मेल पुशार यांची एकेचाळीस मिनिटे

पाच तास चालणाऱ्या कोणत्याही घटनेत साधारण चार तास एकोणपन्नास मिनिटे काहीही घडत नाही. हे लग्नाला लागू आहे, संसदेला लागू आहे आणि सायकल शर्यतीला तर विशेष लागू आहे. फरक एवढाच, की लग्नात आणि संसदेत रिकामी मिनिटे भरायला कोणी पगारी माणूस नेमत नाही. आमची वाहिनी नेमते. त्याला क्रीडा समालोचक म्हणतात.

अर्मेल पुशार हे पद सत्तावीस वर्षे भूषवत आले आहेत. दर जुलैत तीन आठवडे, रोज दुपारी, देशभर फिरणाऱ्या महाशर्यतीचे वर्णन ते करतात. त्याआधी एका प्रादेशिक केंद्रावर त्यांनी पेतांक (लोखंडी गोळे फेकण्याचा खेळ), गोगलगायींची शर्यत आणि एकदा, खेळाडूच न आल्यामुळे, रिकामे मैदान यांचे समालोचन केले होते. त्यातले तिसरे ऐकून पॅरिसने त्यांना बोलावून घेतले. सायकल त्यांना चालवता येत नाही (डावीकडे कलते). ही उणीव नसून पात्रता आहे. ज्याला सायकल येते तो सायकलीकडेच बघत बसतो.

असा एक माणूस प्रथेप्रमाणे त्यांच्या शेजारी बसवलेला असतो. निवृत्त सायकलपटू लोइक केर्वेला. "अगदी बरोबर, अर्मेल" असे म्हणणे हे त्याचे काम (दिवसाला सरासरी एकशे चौदा वेळा). दोघांच्या मध्ये मी बसतो. माझ्याकडे भौतिकशास्त्राची पदवी आणि स्टॉपवॉच आहे. नोकरीत स्टॉपवॉच उपयोगी पडते.

आठ वर्षांच्या जुलैमधल्या मोजणीनंतर पुशार यांच्या पाच तासांची सरासरी विभागणी अशी निघते: महाल व किल्ले एकाहत्तर मिनिटे, चीज व दारू बावन्न, चर्च सेहेचाळीस, आज फ्रेंच माणूस का जिंकला नाही अडतीस, उद्या तो का जिंकेल तेहेतीस, हवामान एकोणीस, आणि शर्यत एकेचाळीस. (बेरीज तपासली आहे.)

हे सारे ज्ञान महापौरांकडून येते. शर्यतीच्या वाटेवरच्या प्रत्येक गावाचा महापौर एप्रिलअखेर आपल्या गावाची फाइल पुशार यांना पाठवतो. काही फाइलींसोबत सॉसेज असते. सॉसेज असलेल्या व नसलेल्या फाइलींना समान न्याय मिळतो, फक्त वाचण्याचा क्रम वेगळा असतो.

यंदा मादाम सिबील वोक्लँ क्रीडा विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांनी माझा तक्ता पाहिला आणि एका वाक्याचे परिपत्रक काढले: "क्रीडा समालोचनात क्रीडा असावी." इतका टोकाचा विचार विभागात याआधी कोणी मांडला नव्हता. सोबत अट होती. गुरुवारचा टप्पा संपल्यावर एक हजार प्रेक्षकांना फोन करून 'आज कोण जिंकलं?' असे विचारायचे. निम्म्यांना सांगता आले नाही, तर पुशार यांचा करार तिथेच संपणार.

बुधवारी कँटीनमध्ये पुशार यांनी ताटाला हात लावला नाही. एकसष्ट वर्षांच्या या गृहस्थांकडे घरी एकोणीसशे फाइली आहेत आणि ऐकणारे कोणी नाही.

"एवढं काय मनाला लावून घेतोस?" लोइक म्हणाला. "एक दिवस जिभेवर ताबा ठेव. मी बारा वर्षं पथ्य पाळलंय."

"तुला खाऊ नको म्हणायचे. मला बोलू नको म्हणतायत."

"बोलू नको कुठं म्हणतायत? शर्यतीवर बोल म्हणतायत."

"पाच तास? तू तर आत होतास, लोइक. तूच सांग, पाच तास काय करायचास?"

लोइकने बराच वेळ विचार केला. "पेडल मारायचो," तो म्हणाला.

गुरुवारी मादाम वोक्लँ स्वतः आमच्या खोलीत, मागे, कानाला हेडफोन लावून उभ्या राहिल्या. त्या दिवसाच्या गावांची फाइल पुशार यांच्याच विनंतीवरून मी खुर्चीवर ठेवून तिच्यावर बसलो होतो. प्रक्षेपण सुरू झाले.

"एकशे एकाहत्तर सायकलपटू पेडल मारत आहेत," पुशार म्हणाले. नऊ मिनिटांनी त्यांनी भर घातली, "अजूनही मारत आहेत."

"अगदी बरोबर, अर्मेल."

पहिल्या तासात चारशे सहा फोन आले. पुशार आजारी आहेत का, असे विचारणारे दोनशे तीस. वारले का, असे विचारणारे एकोणनव्वद. डावीकडून गेलेला तो महाल कोणाचा, असे विचारणारे शहाऐंशी. उरलेला एक फोन एका बाईंचा होता. "अहो, काय चालवलंय तुम्ही? नवरा माझा दर जुलैत यांच्या आवाजावर झोपतो. आज टक्क जागा आहे आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन सूचना करतोय!"

पुशार ढळले नाहीत. तीन तासांत सात महाल आणि एक दुर्मीळ पाणचक्की गेली. प्रत्येक वेळी त्यांचा हात फाइलीच्या जागेकडे सरके आणि माझ्या मांडीला लागून परत जाई. घाम फुटला होता, पण वाक्ये शर्यतीचीच होती. चार सायकलपटू घोळक्यातून निसटले. त्यांत एक फ्रेंच होता. अंतिम रेषा आठ किलोमीटरवर आली.

तेवढ्यात हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यात छप्पर नसलेला एक मठ आला.

"सँ-वाल्फ्रां," पुशार म्हणाले. मग थांबले. मग, सिगारेट सोडलेला माणूस 'एकच' म्हणतो तशा आवाजात म्हणाले, "इथले संन्यासी मौनव्रती होते."

लोइक 'अगदी बरोबर' म्हणायला विसरला.

संन्यासी चीज विकत. बोलत नसल्यामुळे त्यांच्याशी घासाघीस करता येत नसे, म्हणून त्या खोऱ्यात सर्वांत महाग चीज त्यांचेच होते. कीर्ती ऐकून बिशप आले. एक तुकडा खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, हे कोणत्या दुधाचे ते सांगा, सगळे खोरे मठाला देतो. न सांगाल, तर मठ बंद. चाळीस संन्यासी एकमेकांकडे बघू लागले. व्रत मोडावे, की मठ घालवावा?

इथे पुशार यांना समोरच्या काचेत मादामचे प्रतिबिंब दिसले.

"असो," ते म्हणाले. "शर्यतीकडे वळू. नऊशे मीटर बाकी."

चार सेकंद शांतता होती (मोजली आहे). मग देशभर एक तिसरा आवाज ऐकू गेला, कारण मादाम वोक्लँ पुशार यांच्या माइकवर वाकल्या होत्या.

"अहो, पण दूध कुठलं?"

"मादाम, ती शर्यत..."

"संपेल हो ती तिची ती! गाईचं का बकरीचं?"

"गाईचं नसणार," लोइक म्हणाला. "त्या चढावर मी गेलोय. गाय जात नाही."

"मेंढीचं, मादाम," पुशार म्हणाले, आणि सकाळपासून प्रथमच त्यांचा आवाज त्यांचा झाला. सर्वांत तरुण संन्यासी पुढे आला, बिशपांसमोर हातापायांवर ओणवा झाला आणि मोठ्याने ओरडला, बेंऽऽ. बिशप खूश झाले. पण म्हातारा मठाधिपती खवळला: ओरडणे हे बोलणेच, व्रत मोडले, पोराला बाहेर काढा! प्रकरण रोमला गेले. चाळीस वर्षे चालले. आणि शेवटी रोमने...

साडेपाच वाजले. बातम्या लागल्या. त्याआधी पडद्यावर कोणीतरी दोन्ही हात वर केले होते आणि कोणीतरी डांबरावर बसून रडत होते. खोलीतल्या कोणाचे तिकडे लक्ष नव्हते.

सर्वेक्षण मी शास्त्रशुद्ध पद्धतीने केले. बरोबर उत्तर कोणते, हे कळण्यासाठी आधी आयोजकांना फोन करावा लागला. एक हजारांपैकी विजेत्याचे नाव सांगणारे एकोणीस (एक त्याचे काका निघाले). झोपेतून उठवल्याबद्दल फोन आपटणारे सत्तेचाळीस. उरलेल्या नऊशे चौतीस जणांनी उत्तराऐवजी प्रश्न केला: "ते राहू द्या, रोमने काय ठरवलं?"

अटीत कोणतीही संदिग्धता नव्हती. मादाम वोक्लँ सही केलेले पत्र घेऊन पुशार यांच्या टेबलाशी आल्या. पुशार फाइली खोक्यात भरत होते.

"पुशार, हे तुमचं पत्र. वाईट वाटतंय मला." त्या हलल्या नाहीत. "बरं, मग त्या पोराचं काय झालं?"

पुशार यांनी हातातली फाइल खाली ठेवली. सत्तावीस वर्षांत त्यांना इतके नेमके समालोचन कधी सुचले नव्हते.

"ते उद्याच्या टप्प्यात येतं, मादाम. उद्या मी खुर्चीत असलो, तर."

मादामनी पत्राची घडी घातली, पुन्हा घातली, आणि कॉफीच्या कपाखाली सरकवली. सोमवारी सुधारित परिपत्रक निघाले: "क्रीडा समालोचनात क्रीडा असण्यास हरकत नाही." करार तीन वर्षांनी वाढला. रोमचा निकाल पुशार यांनी शर्यतीच्या शेवटच्या दिवशी, अंतिम रेषेच्या दोनशे मीटर अलीकडे, जाहीर केला.

तो मला तोंडपाठ आहे, आणि तुम्ही तो आता विचारणारच होता. त्या गुरुवारी तो फ्रेंच मुलगा जिंकला की हरला, हेही माझ्या वहीत आहे. त्याची चौकशी तुम्ही अजून केलेली नाही. हरकत नाही. नऊशे चौतीसचा आकडा मी खोडला असून तिथे नऊशे पस्तीस लिहिले आहे.