खरकटं वाचणारे तात्या

लोक पेपर वाचतात, पोथी वाचतात. आमचे शेजारी माणिकतात्या खरकटं वाचतात.

तात्यांची नात ऋतुजा लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करते. मुलगा-सून पुण्यात कामाला, काकू जाऊन दोन वर्षं झाली. मुखेडच्या घरात तात्या एकटेच. रोज सकाळी एसटीच्या ड्रायव्हरजवळ ते ऋतुजाचा डबा देतात, संध्याकाळच्या गाडीनं तो परत येतो. "तिला मेस आहे की," मी म्हटलं की म्हणणार, "मेस पोट भरती, मास्तर. खबर देती का?"

डबा घासून पाठवायची ऋतुजाला सक्त मनाई. संध्याकाळी ओट्यावर बसून तात्या झाकण उघडतात आणि बातम्या सुरू! "चटणी चाटून खाल्ली. पेपर बरा गेला." "भाकरीचा काठ सोडला. दाढ दुखायली पोरीची." मी हसायचो. पण दाढ खरंच दुखत होती, आता बोला!

"अहो, फोन लावून विचारा की!"

"फोनमधी सगळेच हसतेत. आमच्या वक्ताला मी नांदेडात शिकायलो व्हतो, फोन कुठला? पण डब्यात अर्धी भाकर परत गेली की दुसऱ्या दिवशी माय पहिल्या गाडीनं दारात! आता पोराच्या खिशात अख्खी दुनिया, अन् जेवलं का न्हाई ते कुणाला ठावं न्हाई!"

मागच्या आठवड्यात डबा भरलेला परत आला. जसाच्या तसा. मी लगेच फोन लावून तात्यांच्या हातात दिला.

"जेवले की आजोबा! मस्त होतं!" ऋतुजा हसत म्हणाली.

तात्यांचा चेहरा पडला. "पोरगी खोटं बोलायली, मास्तर. काहीतरी झालंय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही लातूरला निघालो. वाटभर तात्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. क्लासच्या पोरांचं काय काय कानावर येतं.

होस्टेलच्या दारात ऋतुजा धावत आली. चांगली टवटवीत!

"काल जेवली न्हाईस. का?" तात्यांनी विचारलं.

ती ओशाळली. "मैत्रिणीचा वाढदिवस होता. पिझ्झा खाल्ला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"अगं, मग डबा टाकून द्यायचास," मी म्हणालो. "आम्हाला कळलंही नसतं."

"टाकू कसा, काका? आजोबा पहाटे उठून भाकरी थापतात."

मला वाटलं, आता तात्या तिला चांगलंच फैलावर घेणार. पण ते मटकन पायरीवर बसले. "पिझ्झा व्हय! पोटभर खाल्लं ना?" म्हणत डोळे पुसत हसायलाच लागले. माझ्याही जिवात जीव आला.

मग त्यांनी पिशवीतून ताजा डबा काढला. मला वाटलं, नातीपुढे धरतील. पण त्यांनी भाकरी मोडून स्वतःच खायला सुरुवात केली. एकामागून एक घास, घाईघाईनं.

"आजोबा, एवढी भूक लागली?"

"काल सांजेपासून घासच उतरला न्हाई बाई."

ऋतुजा त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, पाण्याची बाटली उघडून धरली, आणि "हळू जेवा आजोबा, हळू," म्हणत कितीतरी वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.