आप्पांची मुकी गाडी

भिकनआप्पांची गाडी सुरू होते तेव्हा खाली उभं राहून बघावं. बाकीचे लोक गाडीत बसतात, बटण दाबतात आणि जातात. आप्पा बसतात, चष्मा लावतात, समोरच्या भल्यामोठ्या पडद्याकडे बघतात आणि गाडीचं एकेक तोंड बंद करायला घेतात. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की ओरडणारं एक. पुढचं वाहन जवळ आलं की ओरडणारं दुसरं. आपल्या मनानं ब्रेक लावणारं तिसरं. प्रत्येकावर बोट टेकवताना ते पुटपुटतात, "तू गप. तू बी गप. तुले कोनी इचारं का?" सगळी तोंडं बंद झाली की शेजारी बसलेल्या बायकोकडे, आमच्या सुमनमावशींकडे, एकदा बघतात आणि गाडी हळूच गेटबाहेर काढतात. तोवर मागे स्कूटरवाल्यांची रांग लागलेली असते. कोणी हॉर्न वाजवलाच तर आप्पा काचेतून मान काढून विचारतात, "घाई कोनले शे?"

घाई कोणाला आहे, असा त्याचा अर्थ. हे वाक्य आप्पा दिवसभर वापरतात. दूधवाला कुरकुरला, मीटिंगमध्ये मतदानाची वेळ आली, लिफ्ट अडकली, सगळ्याला उत्तर एकच. लिफ्ट अडकली तेव्हा आत त्यांच्याबरोबर मी होतो. मला घाई होती.

मी मूळचा जालन्याकडचा. अहिराणी मला आप्पांनीच शिकवली, तीही बरीचशी गाडीशी बोलता बोलता. इथे सुरतेत, उधन्याच्या एका मिलमध्ये मी साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतो. आमच्या डिंडोलीच्या सोसायटीच्या मते कॉम्प्युटरवर वेलबुट्टी काढणाऱ्या माणसाला टीव्हीपासून आधार कार्डापर्यंत सगळंच कळलं पाहिजे. त्यामुळे आप्पांची इलेक्ट्रिक गाडी आली तशी ती अर्धी माझ्या गळ्यात पडली.

आता ज्या माणसाला गाडी मुकी हवी, त्याने कंपनीचं सगळ्यात बोलकं मॉडेल का घ्यावं? तर ते त्यांनी घेतलेलंच नाही. बंगळुरूच्या त्यांच्या मुलाने, महेशने, घ्यायला लावलं. त्यामागे मावशींचं आजारपण होतं, आणि त्याच्याही मागे एक स्कूटर होती. ती आधी सांगतो.

आप्पा तरुणपणी शिरपूरकडून सुरतेला आले. उधन्याला दुसऱ्याचे माग चालवले, मास्तर झाले, शेवटी स्वतःचे थोडे माग टाकले. मागांच्या खडखडाटात त्यांचा उजवा कान गेला. "उजवा कान मागांना दिला, डावा घरासाठी ठेवला," असं ते अगदी वाटणीपत्र केल्यासारखं सांगतात. तर त्या डाव्या कानाशी हनुवटी टेकवून मावशी वर्षानुवर्षं स्कूटरवर मागे बसल्या. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडे, डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, पाठीत बुक्की म्हणजे ब्रेक. तोंडाने फक्त एकेक शब्द: गाय. खड्डा. रिक्षा. मागाच्या शेडमध्ये लोक बोलतात तसं. पूर्ण वाक्य आप्पांपर्यंत पोचेपर्यंत गाय पोचली असती. गाड्यांच्या कंपन्या आता ज्या सोयीची जाहिरात करतात, ती आप्पांच्या स्कूटरवर लुगडं नेसून बसलेली होती.

गेल्या वर्षी मावशींना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात जरा जरा हलायला लागला, पण बोलणं परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, वाट सापडत नाही, बोलतं करत राहा. आप्पांनी घरी सगळं करून पाहिलं. चहा की पाणी, हे काय, ते काय. मावशी तोंड भिंतीकडे करायच्या. साऱ्या गल्लीला आवाजावर चालवणारी बाई, तिला पाण्याचा पेला दाखवून नाव विचारलं की लाज वाटायची. आप्पांनी माग भंगारात दिले, शेडला कुलूप लावलं आणि घरी बसले. मावशींना आता स्कूटरवर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून महेशने गाडी ठरवली. "पप्पांना एका कानाने ऐकू येतं. सगळी सेफ्टी असलेलीच घ्यायची," असं त्याने मला फोनवर बजावलं होतं. आणि सुरुवातीला सगळी सेफ्टी चालूच होती.

त्या पहिल्या दिवसांत मी बरोबर असायचो. कडोदऱ्याच्या रस्त्यावर आम्ही गाडीला पुढच्या वाहनामागे आपोआप चालायला सांगितलं. पुढे कापडाचे ताके लादलेला टेम्पो होता. गाडीचा त्याच्यावर जीव जडला. तो हळू, आम्ही हळू. तो चहाच्या टपरीशी थांबला, आम्हीही त्याच्या मागे थांबलो. टेम्पोवाला आम्ही वसुलीवाले आहोत असं समजून शेवटी आम्हालाच चहा पाजून गेला. दुसऱ्या दिवशी गाडीने फुगेवाल्याला बघून असा ब्रेक मारला की माझं नाक पुढच्या सीटला लागलं. डांबराचा एक जुना जोड रस्त्यावर तिरका गेला होता. गाडीला तो पट्टा वाटला आणि ती स्टीअरिंग ओढत आम्हाला थेट पाणीपुरीच्या गाडीकडे न्यायला लागली. आप्पा मजेत होते. "पोरगी हट्टी शे," म्हणाले.

आणि मग एका संध्याकाळी ते मावशींना फिरवून आले ते तडक माझ्या दाराशी. चेहरा उतरलेला. म्हणाले, "संजूभाऊ, इले मुकी कर."

मी कारण विचारलं तर म्हणाले, फार बोलते. मी सगळी बटणं दाखवून दिली. वाटलं, सुटलो. पण अशी सुटका नशिबात नसते. गाडीला दर थोड्या दिवसांनी अपडेट येतो. मोठा अपडेट वायफायशिवाय उतरत नाही आणि आप्पांच्या घरी वायफाय नाही. तेव्हा माझी मोटारसायकल हलवून आप्पांची गाडी माझ्या गॅलरीखाली लावायची, मी वरून पासवर्ड ओरडायचा, साऱ्या इमारतीने तो लिहून घ्यायचा आणि आमच्या घरातली मालिका मध्येच थिजायची. अपडेट झाला की गाडी पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागायची. रोज सुरू करताना उघडणारी तोंडं तर होतीच, आता कायमची बंद केलेलीही चालू. "माहेरी जाऊन उनी," म्हणजे आली, असं आप्पा कपाळाला हात लावून म्हणायचे आणि पुन्हा एकेक तोंड बंद करायला बसायचे.

या महिन्यात आलेल्या अपडेटने मात्र कहर केला. तो उतरवण्याआधी पडद्यावर आलेली माहिती मी वाचून दाखवली. यापुढे इशाऱ्याचे आवाज मालकाला पूर्ण बंद करता येणार नाहीत, सुरक्षिततेसाठी. आप्पांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग मला घेऊन सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या मॅनेजरबाई फार गोड होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि समजावलं, "काका, आ तो तमारी सेफ्टी माटे छे." आप्पा म्हणाले, "बेन, माले मुकी गाडी जोयजे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. असं मॉडेल कंपनीकडे नव्हतं.

इकडे सोसायटीत आप्पांचं नाव पुरतं खराब झालं होतं. मोठा मोकळा रस्ता सोडून ते रोज संध्याकाळी मावशींना भाजीबाजारातून नेत. गाई, हातगाड्या, रिक्षा, सगळं जिथे एकत्र तिथेच यांची गाडी. त्यातून चालवणार पायी चालल्यासारखी आणि गाईच्या दिशेने नेमकी. हे बघून आलेल्या माणसांनी त्यांच्या गाडीत बसणं सोडलं. कोणीतरी महेशलाही कळवलं. त्याचा मला फोन आला. हा मुलगा माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलतो आणि बापाशी निम्मं हिंदीत. म्हणाला, "काका, तुम्ही बरोबर बसा आणि तो अपडेट आज करूनच घ्या. त्यांना काही झालं तर आईकडे कोण बघणार?" मुद्दा बिनतोड होता. मी गेलो.

मागच्या सीटवर बसलो. पट्टा लावला नाही, कारण मागे बसून पट्टा लावणारा माणूस मी डिंडोलीत अजून पाहिलेला नाही. गाडी हलली आणि टुंग टुंग करायला लागली. "हे एक तोंड अजून बंद होत नही," आप्पा चिडून म्हणाले. मी मुकाट्याने पट्टा लावला.

भाजीबाजारात वळलो तर रस्त्याच्या मधोमध एक गाय बसलेली. आप्पांनी तिला लांबूनच पाहिलं असावं, कारण त्यांचा पाय आधीपासून ब्रेकवर होता. गाडी सरकत सरकत गेली आणि गाईच्या पुष्कळ अलीकडे अलगद उभी राहिली. हॉर्न नाही, काही नाही. मागून रिक्षावाल्यांनी बाजार डोक्यावर घेतला. मी म्हणायला गेलो, "आप्पा, गा..."

आरशातून माझ्याकडे बघून त्यांनी बोट वर केलं. "तू बी गप," हळूच म्हणाले.

मी गप बसलो. तेव्हा मला दिसलं की आप्पा गाईकडे बघतच नाहीत, मावशींकडे बघताहेत. मावशी मात्र गाईकडे टक लावून होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मानेची शीर ताठ झाली होती.

"ग," मावशी म्हणाल्या. "गा. गाय."

"कोठे शे?" आप्पांनी जणू खरंच दिसली नाही अशा आवाजात विचारलं.

मावशींनी डावा हात उचलून दाखवली.

"मंग ब्रेक मारू?"

"मार."

आणि आप्पांनी कधीच्या उभ्या असलेल्या गाडीचा ब्रेक असा करकचून दाबला की जणू आम्ही हायवेवर होतो. मावशी सीटला टेकल्या. नवऱ्याला वाचवल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर मला मागूनही दिसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी रिक्षांच्या धुरावर ढकललं.

एवढ्यात गाडीच्या पडद्यावर महेशचं नाव उमटलं आणि त्याचा आवाज गाडीभर घुमला. "पप्पा, संजयकाका आलेत ना? अपडेट कर लो आज. ये रोज रोज का..."

"रिक्षा," मावशी म्हणाल्या. डावीकडून खरंच एक रिक्षा घुसली होती.

फोनमधला आवाज थांबला. मग महेशने विचारलं, "पप्पा, कोण बोललं?"

"तुन्ही माय बोलनी," आप्पा म्हणाले. आणि मग इतके दिवस ना मला सांगितलेलं, ना मॅनेजरबाईंना, ते त्यांनी स्टीअरिंगकडे बघत मुलाला सांगितलं. पहिल्यांदा बोलली ती गाडीतच. समोर बैल आला आणि मशीनच्या आधी तोंडातून निघून गेलं, बैल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच रस्त्याने आणली, तर ती तोंड उघडायच्या आत मशीन ओरडलं. पुन्हा पुढे, पुन्हा मशीन आधी. "मंग तिनी तोंड मिटी लिधं, भाऊ. मशीन सांगस तर मन्ही काय गरज, असं वाटनं तिले. तिले टाइम लागस. मशीनले थांबता येत नही."

मावशी पडद्यावरच्या महेशच्या नावाकडे बघत होत्या. गाय एव्हाना उठून निघून गेली होती, तरी गाडी तिथेच होती आणि आता मागचे रिक्षावालेही कंटाळून बाजूने निघाले होते.

महेशचा आवाज आला तेव्हा तो वेगळा होता. त्या मुलाच्या तोंडून अहिराणी मी कधी ऐकली नव्हती. "मंग ऱ्हाऊ द्या पप्पा," तो म्हणाला. "अपडेटनी घाई कोनले शे?"

हे वाचून कोणी आपल्या गाडीची तोंडं बंद करू नयेत. मॅनेजरबाईंचं म्हणणं बरोबरच आहे आणि सगळ्यांच्या गाडीत सुमनमावशी नसतात. पण आमच्याकडे सध्या असं चाललंय की गाडी रोज विचारते, अपडेट आता की नंतर, आणि आप्पा रोज 'नंतर' दाबतात. त्यांची गाडी खाली दिसली की मी घरातला वायफाय बंद करतो. गाडीचा काही भरवसा नाही. घरी यावरून रोज भांडण होतं. मी रेंजला नावं ठेवतो.

परवा मिलमधून येताना आप्पा वाटेत भेटले, गाडी थांबवून बंद केली आणि मला आत घेतलं. मी मागे बसलो. आप्पांनी सावकाश एकेक तोंड बंद केलं, पुटपुटून झालं. गाडी निघणार, एवढ्यात पुढच्या सीटवरून मान अर्धी वळली.

"संजू," मावशी म्हणाल्या. मग थांबल्या. ओठ हलले, शीर ताठ झाली. आप्पांनी गाडी पुढे घेतली नाही. मीही हललो नाही. "पट्टा."

वर्षभरानंतर त्यांनी मला नावाने हाक मारली होती. गाडी थोडी पुढे सरकली तेव्हा कुठे टुंग टुंग सुरू झालं. आप्पांनी डॅशबोर्डवर हळूच थोपटलं, रडक्या पोराला थोपटावं तसं. "तुले उशीर झाया, माय," ते गाडीला म्हणाले.

मी पट्टा लावला. घाई कोणालाच नव्हती, तरी लगेच लावला.